टक्के म्हणालास, पण कशाचे?

(१९७५ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सरकारचा खर्च आणि आपण’ असं छापलंय. हा विषय ऐकून काही जणांनी आत्ताच घड्याळाकडे पाहिलं, ते मला इथून दिसलं. जेवण साडेबाराला आहे, काळजी करू नका. माझी सगळी नोकरी कोषागारात गेली. दुसऱ्यांच्या बिलांवर सह्या करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार?

पण खरं कारण वेगळं आहे. फेब्रुवारीत, अर्थसंकल्पाच्या दिवशी, आपल्या ग्रुपवर जे रणकंदन झालं ते तुम्हाला आठवत असेल. आपल्या एका कारखानदार मित्रानं लिहिलं, “देशाचा निम्मा पैसा सरकार उधळतं, आणि तोही आमच्या करातून. फुकट्यांना पोसणं बंद करा.” मी उत्तर दिलं, त्यानं प्रत्युत्तर दिलं, मग सगळेच उतरले. शेवटी ॲडमिनबाईंनी दोन दिवस ग्रुपला कुलूप घातलं. तेव्हा तो मला फोनवर म्हणाला, “लिहून काय उपयोग? मेळाव्यात समोर उभा राहून सांग.” म्हणून उभा आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलाय.

सुरुवात आपल्या गणिताच्या सरांपासून करतो. सर आज पहिल्या रांगेत आहेत, याचा आनंद काय सांगू! शेकडेवारीच्या तासाला आकडेमोड बरोबर आली तरी सर खडू रोखून विचारायचे, “टक्के म्हणालास, पण कशाचे?” उत्तर आलं नाही तर गणित चूक. तेव्हा मला तो अन्याय वाटायचा. पुढे नोकरीत कळलं की वर्तमानपत्रातले निम्मे वाद या एका प्रश्नानं मिटतात.

तर, सरकारी खर्च अमुक टक्के, म्हणजे कशाचे? देशात एका वर्षात ज्या वस्तू आणि सेवा तयार होतात, त्यांचं एकूण मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, सगळे म्हणतात तो जीडीपी. त्यात शेतकऱ्याची ज्वारी आली, आपल्या मित्राच्या कारखान्यातले सुटे भाग आले, न्हाव्याची हजामत आली आणि मास्तरांचं शिकवणंही आलं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हे उत्पादन सुमारे ३५७ लाख कोटी रुपये धरलं आहे, आणि केंद्राचा खर्च ५०.६५ लाख कोटी. म्हणजे शंभर रुपयांत चौदा. आपल्या राज्याचा त्याच वर्षाचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा, आणि राज्याचं उत्पन्न ४९ लाख कोटींच्या पुढे. तेही प्रमाण शंभरात चौदाच येतं.

आता कुणी म्हणेल, चौदा आणि चौदा अठ्ठावीस. तसं करायचं नाही. एक म्हणजे दोन्हींचा छेद वेगळा, एकाचा देश आणि दुसऱ्याचा महाराष्ट्र. दुसरं म्हणजे केंद्र राज्यांना जी अनुदानं देतं ती केंद्राच्या खर्चातही दिसतात आणि राज्याच्या खर्चातही. एकच रुपया दोनदा मोजला जातो. ती दुबार नोंद काढून केंद्र आणि सगळी राज्यं एकत्र धरली, तर भारतात सरकारी खर्च जीडीपीच्या अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास येतो. बेरीज योगायोगानं जुळली. पण रीत चुकीची असती तर सरांनी गुण दिले नसते.

म्हणजे मित्रा, निम्मा नाही. निम्म्याहून जास्त फ्रान्समध्ये आहे, तिथे हा आकडा सत्तावन्नच्या घरात जातो. अमेरिका, जिथे सरकारचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात असं आपण समजतो, तिथेही तो पस्तिशीच्या वरच आहे.

पण मी लगेच असंही म्हणणार नाही, की आपला आकडा लहान आहे म्हणून आपलं सरकार काटकसरी. या अपूर्णांकाचा अंश आणि छेद, दोन्ही फसवे आहेत.

छेदाचं बघा. २०१९-२० मध्ये केंद्राचा खर्च जीडीपीच्या सुमारे साडेतेरा टक्के होता. पुढच्या वर्षी तो साडेसतराच्या पुढे गेला. ते करोनाचं वर्ष. मोफत धान्य होतं, अन्न महामंडळाची जुनी थकबाकीही त्याच वर्षी चुकती केली, त्यामुळे अंश वाढला. पण कारखाने, दुकानं, एसट्या बंद होत्या, त्यामुळे छेदही आकसला. अंश वाढला आणि छेद घटला, तर टक्का उडी मारणारच. उलट उदाहरण आयर्लंडचं. २०१५ साली त्या देशाचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. तिथल्या माणसांनी एका वर्षात सव्वापट कष्ट केले होते का? नाही. मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिकडे नेली होती. छेद फुगला, आणि तिथलं सरकार बसल्या जागी ‘लहान’ दिसायला लागलं.

अंशाचं मी माझ्या टेबलावरून सांगतो. कोषागारात दोन जातीची बिलं यायची. पहिल्या जातीत शिक्षकांचे पगार, दवाखान्याची औषधं, रस्त्याच्या ठेकेदाराचं बिल. इथे सरकार स्वतः काहीतरी विकत घेतं. दुसऱ्या जातीत निवृत्तिवेतन, निराधारांचं अनुदान, शिष्यवृत्ती, कर्जावरचं व्याज. इथे सरकार विकत काही घेत नाही. एका हातातून घेतं, दुसऱ्या हातात देतं. तो पैसा पुढे किराणा दुकानात जातो आणि तिथे काय घ्यायचं ते सरकार ठरवत नाही. फ्रान्सचे सत्तावन्न म्हणजे तिथली निम्मी अर्थव्यवस्था सरकार चालवतं असा अर्थ होत नाही. त्यातला मोठा भाग पेन्शनचा आणि आजारपणाचा पैसा फिरवण्यात जातो. आपल्याकडे सरकार स्वतःच्या सेवांवर जे खर्च करतं ते जीडीपीच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

आणि केंद्राच्या त्या चौदा रुपयांतले साडेतीन रुपये कर्जावरच्या व्याजालाच जातात. संरक्षणाला, सैनिकांच्या पेन्शनसकट, दोन रुपयांना थोडे कमी. हे दोन्ही काढले की बाकी सगळ्या देशासाठी साडेआठ-नऊ रुपये उरतात.

आता ‘फुकट्यां’बद्दल. आपल्या मित्राचा रोख लाडक्या बहिणींवर होता. २०२५-२६ मध्ये त्या योजनेला ३६,००० कोटींची तरतूद होती. म्हणजे राज्याच्या खर्चात रुपयातले पाच पैसे. ही रक्कम लहान नाही, आणि ती अशीच वापरावी का यावर भांडायला जागा आहे. पण मग पूर्ण यादी काढू. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा पगार, पेन्शन आणि व्याज यांतच जातो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या खात्यात पेन्शन जमा होते. तेव्हा फुकट खाणाऱ्यांची यादी करायचीच असेल तर पहिलं नाव माझं लिही. दुसरं, आज एसटीनं आलेल्या सगळ्यांचं. पासष्टी उलटल्यामुळे आपण सगळ्यांनी अर्धंच तिकीट काढलंय. उरलेल्या अर्ध्याचा भार राज्याच्या तिजोरीवर आहे.

हसू नका, आता जरा मागे जाऊ.

१९७२. आपण सातवी-आठवीत होतो. विहिरी आटल्या, गुरं छावणीत गेली, आणि आपल्यातल्या निम्म्या मुलांचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले. मिलोच्या लाल भाकरीची चव इथे कुणी विसरलंय असं मला वाटत नाही. आणि सुकडी! डब्यात चिमूटभर सुकडी आणणाऱ्याभोवती मधल्या सुट्टीत गर्दी व्हायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. एवढा भीषण दुष्काळ पडूनही भुकेनं गावंच्या गावं ओस पडली नाहीत, याचं मोठं कारण हा सरकारी खर्च.

तासगाव भागात वि. स. पागे यांनी आधी करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशभरासाठी तसा कायदा आला. पण त्याला पैसा कुठून आला? १९७५ साली, म्हणजे आपण दहावीची परीक्षा दिली त्याच वर्षी, राज्यानं व्यवसाय कर लावला. तुमच्यापैकी ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांच्या पगारपत्रकात तो होता. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. “हे तीनशे कसले?” असं तुम्ही दरवर्षी अकाउंट्समध्ये विचारलं असेल. तो कर मुळात रोजगार हमीसाठी सुरू झाला. शहरातला पगारदार खेड्यातल्या मजुराच्या कामाची किंमत भरत होता आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगायची परवानगी काल रात्री फोन करून घेतली आहे. आपल्या कारखानदार मित्राचे वडील त्या खडीच्या कामावर होते. आठवडी पगार व्हायचा त्या दिवशी तो शाळा बुडवून वडिलांबरोबर जायचा, कारण वडिलांना अंगठ्याशेजारचा आकडा वाचता येत नव्हता. पुढे त्याची फी ई. बी. सी. सवलतीत माफ झाली. माझीही झाली. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायला आम्ही दोघं चालतच गेलो होतो. त्यानं शून्यातून कारखाना काढला, आज शंभरावर माणसांच्या चुली त्याच्यामुळे पेटतात, वेळेवर कर भरतो. त्याच्या कष्टाबद्दल मला अपार आदर आहे. माझं म्हणणं एवढंच की आमचं शून्य रिकामं नव्हतं. त्या शून्यात खडीचं हजेरीपत्रक होतं, फीमाफीचा कागद होता, आणि सरकारी अनुदानातून पगार घेणारे हे आपले सर होते.

या शाळेच्या निमित्तानं आणखी दोन माणसांची आठवण काढली पाहिजे. पहिले गोपाळ कृष्ण गोखले. ते आधी गणिताचे शिक्षक, त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून चालायचं. १९०२ साली अर्थसंकल्पावरच्या भाषणात त्यांनी इंग्रज सरकारला हेच गणित घातलं, की दुष्काळानं लोक पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक दिसते, ती भरभराटीची खूण कशी मानायची? १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. शिक्षण हक्काचा कायदा व्हायला २००९ साल उजाडलं.

दुसरे जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातले. १९६४ ते ६६ मध्ये कोठारी आयोग बसला, त्याचे ते सदस्य-सचिव. शिक्षणावरचा खर्च वीस वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंत न्यावा, असं त्या आयोगानं सांगितलं. १९६८ च्या धोरणानं ते मान्य केलं. २०२० च्या धोरणातही तोच सहाचा आकडा आहे. प्रत्यक्षात, काय काय मोजता त्यानुसार, आपण तीन ते साडेचार टक्क्यांच्या दरम्यान आहोत. चार धरा. राहिले दोन.

“दोन टक्के” हा शब्द कानाला किती किरकोळ वाटतो! सरांचा प्रश्न विचारा. कशाचे? ३५७ लाख कोटींचे दोन टक्के म्हणजे सात लाख कोटींहून जास्त. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या एका वर्षाच्या अर्थसंकल्पाएवढी रक्कम. एवढं आपण दरवर्षी मुलांचं देणं ठेवतो आहोत.

पण नुसता टक्का वाढून भागतं का? इथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. ती मी घरीसुद्धा फारशी सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी उपकोषागारात होतो. ३१ मार्चची रात्र. ज्यांनी सरकारी नोकरी केली त्यांना त्या रात्रीबद्दल सांगायला नको. बाहेर रांग, आत बिलांचे ढीग, बारा वाजता वर्ष संपतं आणि न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे बुडते. साडेनऊच्या सुमारास एका शाळेचा शिपाई शिष्यवृत्तीचं बिल घेऊन आला. शेवटच्या एसटीनं आला होता. बिल तपासलं तर एका प्रमाणपत्रावर सही राहिलेली. नियमानं मी त्रुटी लावून बिल परत केलं. तो म्हणाला, “साहेब, सही आणायला पुन्हा गावाला जाऊन यायचं कसं? गाडी नाही.” मी म्हणालो, “नियम आहे.” त्याच तासात मी एका कार्यालयाच्या लोखंडी कपाटांचं बिल मंजूर केलं. त्याचे कागद चोख होते. ती कपाटं त्या कार्यालयाला हवी होती की मार्चअखेर पैसे संपवायचे म्हणून घेतली होती, हे विचारायचा अधिकार माझा नव्हता.

शिष्यवृत्तीची तरतूद बुडाली. पुढच्या वर्षी पैसे आले, मी बिल लगेच पास केलं. तेव्हा तोच शिपाई सहज बोलून गेला, की त्या यादीतली दोन मुलं आता शाळेत नाहीत. ती शिष्यवृत्ती न मिळाल्यामुळेच गेली, असं मी म्हणू शकत नाही. घरची शंभर कारणं असतात. मी नियमाप्रमाणेच वागलो, लेखापरीक्षणात त्या बिलावर एक शेरासुद्धा आला नाही. पण त्या वर्षीच्या सरकारी खर्चाच्या टक्क्यात कपाटं मोजली गेली आणि ती दोन मुलं मोजली गेली नाहीत, हे मला विसरता येत नाही.

म्हणून मित्रा, तू उधळपट्टीवर चिडतोस तेव्हा मी तुझ्या बाजूचा आहे. ती मी तुझ्यापेक्षा जवळून पाहिली आहे. पण उधळपट्टी होते म्हणून खर्चच नको, असं तू म्हणालास की मला आपण दोघं तलाठ्याच्या ओट्यावर बसलेले दिसतो. खर्च किती, हा अर्धाच प्रश्न झाला. सरांच्या “कशाचे” या प्रश्नाला मी निवृत्तीनंतर एक जोड दिली आहे. “टक्के म्हणालास, पण कशाचे? आणि पोचले कुणापर्यंत?”

शेवटचा मुद्दा, आणि मग जेवण. आपल्या तुकडीनं शाळेला संगणक कक्षासाठी निधी दिला, त्याचं उद्घाटन मघाशी झालं. मलाही अभिमान वाटला. पण मॅडमनी मला सांगितलं, की गणिताच्या शिक्षकाची जागा मोकळी आहे आणि दुसरे शिक्षक तो विषय ओढून नेत आहेत. आपण वर्गणी काढून संगणक देऊ शकतो. दरमहा, वर्षानुवर्षं, एका शिक्षकाचा पगार देणं आपल्या वर्गणीला झेपणार नाही. ते सगळ्यांच्या कराचंच काम आहे. आणि कर फक्त कारखानदार भरतो असं नाही. साबणाची वडी घेणारी मजूर बाईसुद्धा दुकानात भरते.

आपल्यात निवृत्त अधिकारी आहेत, दोन वकील आहेत, एक माजी सरपंच आहे, आणि आता वेळ सगळ्यांकडे आहे. ती जागा का भरली जात नाही, फाईल कुठल्या टेबलावर आहे, याचा पाठपुरावा आपण करू या. अर्ज मी लिहितो. कोणता कागद कुठे अडतो ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण अडवणारा मीच होतो. आणि माझ्याबरोबर येण्यासाठी मी पहिलं नाव सुचवतो ते तिसऱ्या रांगेतल्या आपल्या कारखानदार मित्राचं. लोकांकडून काम कसं करून घ्यायचं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. काल फोनवर तो “बघू” म्हणाला. आता सगळ्यांसमोर विचारतो.

सर, आकडेमोडीत कुठे चूक झाली असेल तर जेवताना सांगा. आजही उभं राहून ऐकेन.